काच आतून धुरकट का राहते?

प्रश्न : गाडीची समोरची काच आतून रोज पुसतो, तरी रात्री समोरून ट्रक आला की सगळं धुरकट दिसतं. काय करावं? (एक वाचक, आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : ती धूळ नव्हे, तेलकट थर आहे. आपल्याकडच्या उन्हात डॅशबोर्डचं प्लास्टिक तापतं, त्याची वाफ काचेवर बसते. वर चकाकीसाठी सिलिकॉनचं पॉलिश मारत असाल, तर विचारूच नका. कोरड्या फडक्यानं थर नुसता पसरतो.

गाडी सावलीत घ्या, काच निवू द्या. आयसोप्रोपिल अल्कोहोल (चटकन उडणारं, पेट घेणारं स्पिरिट) आणि बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं मिसळा. बोअरचं पाणी नको, क्षारांचे डाग पडतात. दारं उघडी, बिडी-काडी लांब! फवारा काचेवर नाही, मायक्रोफायबरच्या फडक्यावर मारा. डॅशबोर्डलगतच्या अरुंद कोपऱ्यात तळहात उलटा करून बोटं सरकवा. ओल वाळण्याआधीच दुसऱ्या, कोरड्या फडक्यानं टिपा. मागच्या काचेवर डीफॉगरच्या (काच तापवून दव घालवणाऱ्या तारांच्या) रेघा असल्या तर रेघांच्या दिशेनंच पुसा.