एमएमएमध्ये सगळं येणारा हरतो आणि आपल्या डावाला धरून राहणारा जिंकतो, असं का होतं?

तुम्ही विचारलंय की कागदावर सगळ्या बाबतीत सरस वाटणारा फायटर एमएमएच्या, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणाऱ्या लढतीच्या, जाळीच्या पिंजऱ्यात हरतो आणि ज्याचा डाव अख्ख्या जगाला माहीत आहे तो पुन्हा त्याच डावाने जिंकतो, हे कसं? सोबत तुम्ही रशियाच्या खबीब नुर्मागोमेदोव्हचं नाव घेतलंय. उदाहरण बरोबरच आहे. 29 लढती, 29 विजय, आणि समोरच्या प्रत्येकाला आधीपासून ठाऊक की हा पाय धरणार, खाली नेणार आणि जाळीला दाबून ठेवणार. पण खबीब कधी भरकटलाच नाही, त्यामुळे शिस्त सुटली तर काय होतं हे त्याच्या कारकिर्दीत दिसत नाही. माझ्या मते या प्रश्नाचं सगळ्यात स्वच्छ उत्तर ब्राझीलच्या डेमियन माइयाकडे आहे, कारण त्याने दोन्ही करून पाहिलं.

माइया साओ पाउलोचा, जिउ-जित्सूमधला (खाली पाडून सांधे पिळायची आणि गळा आवळायची कुस्ती) अव्वल माणूस. 2007 मध्ये एडीसीसी ही ग्रॅपलिंगमधली, म्हणजे ठोसे-लाथांशिवाय फक्त पकडींच्या खेळातली, सगळ्यात मानाची स्पर्धा त्याने आपल्या वजनगटात जिंकली. त्याच वर्षी तो यूएफसी या एमएमएच्या सगळ्यात मोठ्या संस्थेत आला आणि तिथल्या पहिल्या पाचही लढती त्याने सबमिशनने, म्हणजे समोरच्याला पकडीत हार मानायला लावून किंवा बेशुद्ध करून, जिंकल्या. पाचवा प्रतिस्पर्धी चेल सॉनन, म्हणजे स्वतः तगडा कुस्तीगीर. मग ऑगस्ट 2009 मध्ये नेट मार्क्वार्टने त्याला 21 सेकंदांत झोपवलं. माइया लाथ मारायला गेला आणि तेवढ्यात समोरून उजवा हात बसला.

त्यानंतर माइयाने उभ्याने लढण्यावर मेहनत घेतली. सुधारलाही. पण पुढचा हिशोब बघा: त्यानंतरच्या सातही लढती पूर्ण वेळ चालून जजेसच्या निकालावर गेल्या. ज्या माणसाने ओळीने पाच जणांना सबमिशनने हरवलं होतं, त्याच्या नावावर त्या सात लढतींत एकही सबमिशन नाही. अँडरसन सिल्वाविरुद्धची बेल्टची, म्हणजे जगज्जेतेपदाची, लढत त्यातच तो हरला, मार्क मुन्योसविरुद्धची हरला, जानेवारी 2012 मध्ये ख्रिस वाइडमनविरुद्धचीही हरला. माझं निदान असं की तो वाईट बॉक्सर नव्हता, साधारण बॉक्सर होता. पण उभ्याने लढताना समोरच्याला घाबरायचं कारणच उरत नव्हतं.

2012 मध्ये तो वजन उतरवून 77 किलोच्या गटात आला आणि आपल्या मूळ खेळाकडे वळला. मधे जेक शील्ड्स आणि रॉरी मॅकडॉनल्डकडून हरला, तरी रस्ता बदलला नाही. 2014 ते 2017 या काळात सलग सात विजय, वयाची पस्तिशी उलटल्यावर. त्यातली कार्लोस काँडिटविरुद्धची लढत (ऑगस्ट 2016, व्हँकुव्हर) तुम्ही आधी बघा. 1 मिनिट 52 सेकंदांत संपली.

माइया नेमकं काय करतो ते सांगतो, कारण ‘एकच डाव’ म्हटलं की लोकांना ती एकच हालचाल वाटते. तो खाली वाकून एकेरी पट काढायला, म्हणजे एक पाय धरून पाडायला, जातो. डोकं समोरच्याच्या बरगडीला चिकटलेलं, दोन्ही हात गुडघ्यामागे घट्ट बांधलेले. समोरचा एका पायावर उड्या मारत जाळीपर्यंत जातो, पाठ टेकवतो, काखेतून हात घालून त्याला वर उचलायला बघतो. बहुतेक कुस्तीगीर इथे पकड सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. माइया सोडत नाही. वरून दाब आला तर तो सरळ खाली बसतो, समोरच्याचा एक पाय आपल्या दोन पायांत अडकवतो आणि त्याच्या बुडाखालून दुसऱ्या बाजूला निघतो. आता समोरचा उठायला बघतो. उठायचं तर हात जमिनीला टेकवायला हवेत, हात टेकवले की पाठ मिळते. पाठ मिळाली की माइया मागून पोटाभोवती पायांचा त्रिकोण बांधतो, आणि मग घाई संपली. हनुवटीखालून हात सरकवायला त्याच्याकडे उरलेला अख्खा राउंड असतो.

म्हणजे पहिला पट फसला तरी त्याचं नुकसान नाही. फसलेला पट हाच पुढच्या डावाचा दरवाजा. बलस्थान म्हणतात ते हे: एक डाव, तो अडवला तर दुसरा, तोही अडवला तर तिसरा, आणि तिन्ही एकाच ठिकाणी नेऊन पोहोचवणारे. सगळं थोडं थोडं येणाऱ्याचा पहिला डाव फसला की त्याला थांबून विचार करावा लागतो, आणि पिंजऱ्यात विचार करायला मिळणारा वेळ म्हणजे ठोसा येऊन पोहोचायला लागतो तेवढा.

आता शिस्तीकडे येतो. शिस्त म्हणजे फक्त कडक सराव आणि वेळेवर झोप, असं बरेच जण धरतात. ते तर हवंच. पण लढतीत शिस्त लागते ती समोरच्याचं आमंत्रण नाकारायला. जिउ-जित्सूच्या मॅटवर मी हे स्वतः रोज बघतो: दमलेल्या माणसाला कुणी थोडं जोरात ढकललं की त्याला तसंच जोरात परत ढकलायचं असतं. शिकवलेलं सगळं त्या क्षणी पुसलं जातं. यूएफसीत तर पाच मिनिटांचा राउंड, मधे एकच मिनिट विश्रांती, नाकातून रक्त आणि वीस हजार लोक ओरडतायत. ठोसा बसल्यावर लगेच ठोसा परत द्यावासा वाटणं ही माणसाची सगळ्यात नैसर्गिक प्रतिक्रिया आहे, आणि समोरचा त्याच्यावरच टपून बसलेला असतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण मेलबर्नला घडलं. नोव्हेंबर 2015, स्टेडियममध्ये 56 हजारांवर प्रेक्षक. राँडा राउझी तोवर अपराजित, 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमधली जूदोची कांस्यपदक विजेती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिने बेथ कोरेयाला 34 सेकंदांत नॉकआउट केलं होतं, तेही ठोशांनी. समोर हॉली होल्म, बॉक्सिंगमधली जगज्जेती. राउझीचं बळ अंगाला अंग भिडल्यावर सुरू होतं. पण तिथपर्यंत पोहोचायला ती सरळ रेषेत, ठोसे फेकत धावत राहिली. होल्मने काय केलं? बाजूला सरकली, डावा हात सरळ मारला, पुन्हा सरकली. राउझीने पकडलं तेव्हा ती तिथे रेंगाळली नाही, सुटून पुन्हा लांब गेली. पहिला राउंड संपला तेव्हाच राउझीचा चेहरा लाल झाला होता. दुसऱ्या राउंडमध्ये राउझीचा ठोसा हुकला, तोल जाऊन ती खाली गेली, उठून वळते तोच होल्मची डावी लाथ मानेवर. राउंड सुरू होऊन 59 सेकंद झाले होते.

मला त्या लाथेपेक्षा आधीची पाच मिनिटं जास्त महत्त्वाची वाटतात. जगातली सगळ्यात मोठी स्टार अंगावर धावून येतेय, आणि होल्म एकदाही थांबून तिच्याशी समोरासमोर हाणामारी करत नाही. तिला ठोसे जास्त चांगले मारता येतात, तरीसुद्धा नाही. लांबून मारण्यात तिचं बळ होतं, म्हणून अंतर तिने सोडलं नाही.

आणि चारच महिन्यांत, मार्च 2016 मध्ये, तीच होल्म मीशा टेटकडून हरली. टेट कुस्तीची खेळाडू. दुसऱ्या राउंडमध्ये तिने होल्मला खाली घेऊन गळ्यापर्यंत हात नेला होता, पण वेळ संपली. तिसरा आणि चौथा राउंड होल्मने लांबून मारत काढला. टेट गुणांत मागे होती. अशा वेळी निम्मे फायटर धीर सोडून अंगावर जातात आणि राउझीसारखे झोपतात. टेट वाट बघत राहिली. पाचव्या राउंडमध्ये एक संधी आली, तिने पाय धरला, पाठ घेतली आणि गळा आवळला. होल्मने टॅप केलाच नाही, म्हणजे हाताने थोपटून हार मानली नाही, हवेत ठोसे मारता मारता ती बेशुद्ध झाली.

कॅनडाच्या जॉर्ज सेंट-पिअरची गोष्ट तुम्हाला माहीत असेल, तरी थोडक्यात. एप्रिल 2007 मध्ये मॅट सेराने त्याला पहिल्याच राउंडमध्ये हरवलं. सेराला जिंकायची शक्यता कुणी देत नव्हतं. वर्षभराने माँट्रियलला पुन्हा लढत झाली तेव्हा सेंट-पिअरने सुरुवातीलाच सेराला खाली घेतलं, दोन राउंड वरून दाबून ठेवलं आणि शेवटी गुडघ्यांनी बरगड्यांवर मारा करून लढत संपवली. सेराच्या उजव्या हाताशी पुन्हा नशीब आजमावायला तो उभा राहिलाच नाही. सेराकडून झालेल्या त्या हारीनंतर तो कधीच हरला नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे. डिसेंबर 2010 मध्ये याच सेंट-पिअरने जॉश कॉश्चेकला पाच राउंड मुख्यतः जॅबने, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ, झटपट ठोशाने, हरवलं, डोळ्याभोवतीचं हाड मोडेपर्यंत. कॉश्चेक अमेरिकेतला राष्ट्रीय विजेता कुस्तीगीर होता. म्हणजे एका माणसासमोर खाली घेणं हे बळ, दुसऱ्यासमोर डाव्या हाताचा जॅब हे बळ. आपलं बळ समोरच्याच्या कमजोरीशी जुळवून बघावं लागतं, आणि ते काम लढतीच्या कितीतरी आधी, कोचबरोबर बसून करायचं असतं. पिंजऱ्यात शिरल्यावर फक्त ते पाळायचं.

तुमचा दुसरा प्रश्न होता की डाव सगळ्यांना माहीत झाला की तो अडवता येतोच ना? येतो. जुलै 2017 मध्ये 77 किलो गटाचा तेव्हाचा विजेता टायरन वुडली याने माइयाचाच डाव अडवला. माइयाने वीसहून जास्त वेळा पाय धरायचा प्रयत्न केला आणि एकदाही वुडली खाली गेला नाही. पण वुडलीने ते कसं केलं ते बघा. त्याचा उजवा हात त्या गटात सगळ्यात घातक मानला जायचा, आणि माइया डोकं खाली घालून येत असताना तो हात सोडायचा मोह प्रत्येक मिनिटाला होता. त्याने तो फार जपून वापरला, कारण मोठा ठोसा फेकला की पाय जड होतात आणि माइयाला गुडघा मिळतो. तो कमरेत वाकून, पाय मागे ठेवून पंचवीस मिनिटं उभा राहिला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. नंतर टीकाही भरपूर झाली. बेल्ट मात्र त्याच्याकडे राहिला.

मला ती लढत आवडते, हे मनापासून सांगतो. लोकांना कंटाळवाणी वाटते कारण ते ठोसे मोजतात. तुम्ही ती परत बघाल तेव्हा हात बघू नका. वुडलीचे पाय बघा, आणि माइया वाकला की त्याची कंबर किती लवकर मागे जाते ते बघा. पाचव्या राउंडमध्येही तीच हालचाल, तितक्याच वेगाने. पहिल्या राउंडशी ताडून बघा, फरक शोधावा लागेल.