दोन तासांत बसेल तेच काम उचल

प्रिय मैत्रिणी,

बाळ दीड वर्षाचं झालं, आता सोशल मीडिया मार्केटिंगमध्ये उतरायचंय, तर कोर्स कोणता करू, असं विचारलंस. सुरुवातीला मेटा (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) आणि गूगल यांच्या ब्लूप्रिंट आणि स्किलशॉप या साइटवरचं फुकट शिक्षण पुरतं. क्लासची फी इतक्यात भरू नकोस. आधी कोणती कामं घ्यायची नाहीत, ते ठरव.

शूटिंग, एडिटिंग, कॅप्शन, पोस्ट शेड्यूल करणं, रिपोर्ट ही कामं सलग दोन तास मिळाले की उरकतात, मग ते पहाटेचे असोत की बाळ झोपल्यानंतरचे. इनबॉक्सला उत्तरं देणं आणि तक्रारी निस्तरणं मात्र कुणाच्या झोपेची वाट बघत नाही. पैसे बरे मिळत असले तरी वर्षभर ते अंगावर घेऊ नकोस. मेसेजना उत्तरं दुकानाने द्यायची, एका पोस्टमध्ये दोनदाच दुरुस्ती, महिन्याचे पैसे आगाऊ, एवढं व्हॉट्सॲपवर लिहून पाठव आणि ‘मान्य’ असं उत्तर आल्यावरच सुरू कर. तोंडी ठरलं की ‘जरा एवढं बघ ना’ सुरू होतं आणि तुझे दोन तास त्यातच संपतात.

पहिला क्लायंट एकच घे, तोही घराजवळचा, नाशिकातलाच. गंगापूर रोडवरची बेकरी, इंदिरानगरचा फिजिओथेरपिस्ट, सराफ बाजारातलं चांदीचं दुकान, काहीही चालेल. वायनरीचं आकर्षण वाटेल, पण मद्याच्या जाहिरातीवर कायद्याची बंधनं आहेत. नवख्या माणसाने तिथे हात घालू नये. फुकट ‘ट्रायल’ही देऊ नकोस. फुकटच्या कामाला मालक वेळ देत नाही, मग फोटोही मिळत नाहीत.

महिन्याला बारा पोस्ट पुष्कळ झाल्या. त्यातल्या चार-पाच रील. दुकानात एकदाच दोन तास जा, सकाळी गर्दी व्हायच्या आत. मोबाईल उभा धरून तीन ते पाच सेकंदांच्या तीसेक क्लिप घे. चांदीवर फ्लॅश नको, खिडकीला बटर पेपर लाव. येवल्याची पैठणी थेट उन्हात धरलीस तर जरीचा काठ पांढरा फटक दिसतो. सावलीत धर, स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक कर, नाहीतर रंग प्रत्येक क्लिपमध्ये बदलतो आणि ‘फोटोत वेगळी होती’ म्हणून साडी परत येते. द्राक्षांच्या मण्यांवरची पांढरट झाक पुसू नकोस. ताज्या मालाची ओळख तीच. मिसळीची तर्री ओतल्या ओतल्या टिपावी, जरा थांबलं की तवंग मरतो.

रीलच्या खालच्या साधारण एक-तृतीयांश भागात मजकूर ठेवू नकोस, तिथे कॅप्शन आणि बटणं येतात. मराठी फॉन्ट निवडताना ‘श्री’, ‘पुऱ्या’, ‘द्राक्ष’ लिहून बघ. जोडाक्षर फुटलं तर तो फॉन्ट सोड. गाणं बिझनेस अकाउंटला उपलब्ध असलेल्या संगीतातूनच घे. बाहेरून चिकटवलेलं गाजलेलं गाणं पुढे म्यूट होतं आणि मालक तुलाच विचारतो.

पासवर्ड कधीच घेऊ नकोस. मालकाला मेटा बिझनेस सूटमधून (पेज सांभाळायचं मेटाचं साधन) तुला अॅक्सेस द्यायला सांग. जाहिरातीचे पैसे त्याच्याच कार्डावरून जाऊ देत. वर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे 6,000 च्या जाहिरातीला 7,080 जातात. हे आधी सांगितलं नाही तर फरक तुझ्या फीमधून कापला जातो.

जाहिरातीत नवखे बहुतेक एकाच ठिकाणी अडखळतात. पोस्टखालचं ‘बूस्ट’ बटण दाबतात, लाइक येतात, गिऱ्हाईक येत नाही. अॅड्स मॅनेजरमध्ये, म्हणजे मेटाच्या जाहिराती लावायच्या साधनात, जाऊन व्हॉट्सॲपवर मेसेज मिळवायचा पर्याय निवड. बेकरी असेल तर नकाशावर पिन टाकून पाचेक किलोमीटरच धर. केकसाठी मालेगावहून कोण येणार? एका अॅड सेटला (एकच बजेट आणि एकच प्रेक्षक असलेला जाहिरातींचा गट) आठवड्यात साधारण 50 रिझल्ट, म्हणजे इथे मेसेज, मिळाले की मेटाचा लर्निंग फेज, म्हणजे जाहिरात कुणाला दाखवायची हे शिकायचा टप्पा, संपतो. रोजच्या दोन-अडीचशे रुपयांत तो आकडा गाठणं अवघड. म्हणून बजेटचे तीन तुकडे करू नकोस, एकच अॅड सेट ठेव. रोज त्यात बोटंही घालू नकोस, कारण मोठा बदल केलास की शिकणं पुन्हा पहिल्यापासून.

रिपोर्टमध्ये लाइक शेवटी लिही. आधी व्हॉट्सॲपवर किती चौकश्या आल्या, गूगल बिझनेस प्रोफाइलवरून (गूगलवर दिसणारं दुकानाचं पान) किती जणांनी रस्ता पाहिला, किती फोन आले. गल्ल्यापाशी एक वही ठेवायला सांग, प्रत्येकाला ‘कुठून कळलं?’ विचारून खूण करायची. मालक ग्राफ बघणार नाही, वही बघेल. फी वाढवायचं बोलणं त्या वहीवरूनच काढ.

दुसरा क्लायंट तीन महिन्यांनी. 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी पंचवटी आणि त्र्यंबकेश्वरची हॉटेलं ऐनवेळी हाका मारतील. आयत्या वेळी पैसे जास्तही देतील, पण पर्वणीच्या दिवसांत रस्ते बंद असतात आणि पाळणाघर उघडं असेलच असं नाही. घ्यायचंच तर चार-पाच महिने आधी शूट करून ठेव आणि पर्वणीच्या आठवड्यात फक्त शेड्यूल केलेलं जाईल, असं लिहून दे.