जुनी मारुती ८०० घेऊन छंद म्हणून दुरुस्त करणे परवडेल का?

परवडेल, पण आधी गंज बघा, इंजिन नंतर. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं ते इंजिन इतकं साधं आहे की जुना मेकॅनिक डोळे मिटून उघडेल, आणि सुटे भागही अजून सहज मिळतात. पत्रा मात्र खिसा रिकामा करतो. मॅट उचलून फ्लोअर बघा, दारांखालची पट्टी दाबून बघा, बॉनेट उघडून सस्पेन्शन जिथे बसतं तिथला पत्रा तपासा. तिथे भोकं असतील तर गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडा. कोकणातली असेल तर जरा जास्तच संशय घ्या!

शिकायचंच असेल तर कार्ब्युरेटरवालं (इंजिनासाठी हवा-पेट्रोल मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेलं) मॉडेल घ्या. कार्ब्युरेटर घरी खोलून साफ करता येतो, मजाही त्यातच आहे. पेट्रोलचे आणि ब्रेकचे रबरी पाइप, टायमिंग बेल्ट हे पहिल्याच आठवड्यात बदला. रंग, सीट कव्हर, म्युझिक सगळ्यात शेवटी.

आणि कागद: १५ वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण, फिटनेस आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो. आरसी संपलेली गाडी असेल तर आधी आरटीओत चौकशी करा, मगच पैसे द्या. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते म्हणून लगेच भुलू नका, एनओसीचं (तिथल्या आरटीओच्या ना-हरकत प्रमाणपत्राचं) बघा.