वंशावळीत पणजीचं फक्त सासरचं नाव आहे, 'लक्ष्मीबाई'. तिचं माहेर आणि आयुष्य कसं शोधायचं?

वतनदार घराण्यांच्या वंशावळी बहुतेक वारसाहक्काच्या तंट्यांसाठी तयार झाल्या, म्हणून त्यांत मुलगे असतात आणि बायका गळतात. 'लक्ष्मीबाई' हे नावही बहुधा लग्नातच ठेवलेलं. त्या नावाने माहेर शोधू नका, तिच्या मुलापासून सुरुवात करा.

घरात महालय (पितृपक्षातलं श्राद्ध) होत असेल, तर आजोबांच्या, म्हणजे तिच्या मुलाच्या, हातची श्राद्धाची यादी जुन्या पोथ्या-पंचांगांत पाहा. वडील, आजोबा, पणजोबा यांच्यानंतर मातामह (आईचे वडील), त्यांचे वडील आणि त्यांचे आजोबा अशी नावं गोत्रासह येतात. तेच पणजीचे वडील, आजोबा, पणजोबा. वंशावळीने वगळलेलं माहेर इथे तीन पिढ्यांपर्यंत मिळतं. मात्र यादी नक्की कोणी केली ते आधी ठरवा. ती तुमच्या वडिलांची असेल तर त्यातले मातामह हे आजीचे वडील होत. या गफलतीने भलतंच घराणं गळ्यात पडतं.

यादीत आडनाव आणि गाव सहसा नसतं. त्यासाठी पहिलं बाळंतपण माहेरी होतं ही रीत उपयोगी पडते. थोरलं मूल शाळेत गेलं असेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं जन्मस्थळ बघा. सासरपेक्षा वेगळं गाव असेल तर ते माहेर असू शकतं. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात त्या गावचं कोतवाल बुक (गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही) मागा. बाळाचं नाव बहुधा नसतंच, तारीख आणि बापाचं नाव जुळवायचं. नोंद मोडीत असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या, अंदाजाने अक्षरं लावू नका.

आडनाव-गाव कळलं की नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या वह्या ठेवणाऱ्या उपाध्यांकडे, *माहेरच्या* घराण्याची नामावळ विचारा. सासरच्या वहीत तिच्याबद्दल फारसं मिळेलच असं नाही.

आयुष्याचा माग जमिनीच्या कागदांत लागतो. नवरा गेल्यावर वारसाचा फेरफार होतो आणि मुलगा लहान असेल तर 'अ.पा.क. आई' (अज्ञान मुलाची पालनकर्ती) असा शेरा येतो. एवढ्यावरून ती साधारण कधी विधवा झाली आणि कारभार तिच्याकडे कधी आला हे कळतं. पोटचं मूल नसेल तर दत्तकपत्र शोधा.

तारखा जुळवताना शक वर्षात ७८ मिळवा, पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंत ७९.

आणि लक्ष्मीबाई एकच होत्या का, हेही तपासा. पहिली गेल्यावर दुसरीचंही तेच नाव ठेवलेलं असू शकतं. धाकट्या मुलाचा जन्म तिच्या मृत्यूच्या नोंदीनंतरचा निघाला, तर बायका दोन आणि माहेरंही दोन.