नव्या विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या संगणक सेवा कोणत्या क्रमाने सुरू कराव्यात?

तालुक्याच्या गावातून पुण्यात एम.एस्सी.साठी प्रवेश मिळाला आहे, जवळ सध्या फक्त मोबाइल आहे आणि विद्यापीठाचा ई-मेल, वाय-फाय, एबीसी म्हणजे श्रेयांकांच्या (क्रेडिट्सच्या) खात्याचा क्रमांक, ग्रंथालयाचे लॉगिन यांपैकी आधी काय करावे, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते विद्यापीठाच्या कोणत्याही सेवेच्या आधी तुमचा स्वतःचा मोबाइल क्रमांक आणि वैयक्तिक ई-मेल मार्गी लावावा, कारण बाकीची सगळी खाती त्यांच्या आधाराने उघडतात आणि अडचण आली तर त्यांच्याच आधाराने परत मिळतात.

हे मी आग्रहाने सांगतो, कारण आपल्याकडे अनेकांचे प्रवेश अर्ज नेट कॅफेत भरले जातात. तेथे गर्दी असते, ओटीपीची वाट पाहायला कोणाला सवड नसते, आणि मग चालक सोयीसाठी स्वतःचा क्रमांक टाकतो किंवा जागच्या जागी नवा ई-मेल उघडून त्याचा पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून ठेवतो. अर्ज त्या दिवशी जातो खरा, पण परीक्षा अर्ज, शुल्काची पावती, महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीतील त्रुटीची सूचना हे सर्व पुढे वर्षभर त्याच पत्त्यावर जात राहते आणि मुदत उलटून गेल्यावर विद्यार्थ्याला कळते. म्हणून विद्यार्थी पोर्टलवर जाऊन आपल्या नावापुढे कोणता क्रमांक आणि कोणता ई-मेल नोंदला आहे ते आधी पाहा. तो तुमचा नसेल, तर प्रवेशाची पावती आणि ओळखपत्र जोडून विभागाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि त्या अर्जाची पोच घ्या. आधारला वडिलांचा किंवा मोठ्या भावाचा क्रमांक जोडलेला असेल, तर आधार केंद्रात जाऊन स्वतःचा जोडून घ्या. प्रत्येक ओटीपीसाठी घरी फोन करावा लागणे परगावी राहणाऱ्याला परवडत नाही. पुण्यात आल्यावर नवे सिम घेतले, तरी जुने रिचार्ज करून चालू ठेवा. बंद पडलेला क्रमांक कंपनी काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देते, आणि मग तुमच्या खात्यांचे ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जाऊ लागतात.

यानंतर नावाकडे लक्ष द्या. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते आणि आईचे नाव वेगळे छापलेले असते, तर आधारवर बहुधा स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम असतो. माणसाला हे एकच नाव वाटते, पण संगणकाला तसे वाटेलच असे नाही. अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, म्हणजे एबीसीचे खाते डिजिलॉकरमधून आधारच्या माहितीवर उघडते आणि त्याचा 12 अंकी क्रमांक विद्यापीठाला द्यावा लागतो. तेथील नाव, जन्मतारीख आणि विद्यापीठाची नोंद जुळली नाही, तर श्रेयांक खात्यात जमा होण्यात अडथळा येतो. स्पेलिंगमध्ये फरक असेल, तर दुरुस्ती पहिल्या सत्रातच करून घ्या. पदवीच्या वेळी एबीसी क्रमांक काढलेला असेल, तर तोच द्या, नवा काढू नका.

विद्यापीठाचा ई-मेल मिळाला की तात्पुरता पासवर्ड त्याच दिवशी बदला आणि द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डबरोबर दुसरा कोडही मागण्याची सोय, सुरू करा. शक्य असेल तर एसएमएसऐवजी दर 30 सेकंदांनी नवा सहा अंकी कोड देणारे ऑथेंटिकेटर ॲप वापरा. त्याला रेंज लागत नाही आणि नेटही लागत नाही. त्यासोबत मिळणारे बॅकअप कोड कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांबरोबर ठेवा, कारण फोन हरवल्यावर फोनमधल्या स्क्रीनशॉटचा उपयोग नसतो. ‘तुमचे खाते आज बंद होणार आहे, खालील दुव्यावर पासवर्ड भरा’ असे पत्र पहिल्या महिन्यात आले तर घाबरून जाऊ नका आणि तो दुवा उघडूही नका. संगणक केंद्र कोणाचाही पासवर्ड मागत नाही.

वाय-फायबद्दल थोडक्यात सांगतो. तुमचे विद्यापीठ एड्युरोमचे, म्हणजे शिक्षणसंस्थांच्या सामायिक वाय-फाय व्यवस्थेचे, सदस्य आहे का, हे संगणक केंद्रात विचारा. भारतात ही व्यवस्था अर्नेट इंडिया पाहते, आणि सदस्य संस्थेच्या विद्यार्थ्याला त्याच लॉगिनने देशातील आणि परदेशातील इतर सदस्य संस्थांतही जोडणी मिळते. जोडताना प्रमाणपत्र (नेटवर्क खरे असल्याची डिजिटल खूण) तपासू नये हा पर्याय निवडू नका, नाहीतर त्याच नावाचे बनावट नेटवर्क उभारून कोणीही तुमचा पासवर्ड मिळवू शकेल.

ग्रंथालयाचे लॉगिन मात्र अनेक जण दुसऱ्या वर्षापर्यंत घेतच नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. 1 जानेवारी 2025 पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली आहे. तिच्यात 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्थांना खुली झाली आहेत. ज्या एका लेखासाठी प्रकाशक दोन-तीन हजार रुपये मागतो, तो लेख सरकारी विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला विनामूल्य वाचता येतो. आवारात असताना बहुधा विद्यापीठाच्या नेटवर्कवरूनच हे होते. खोलीवरून किंवा गावाकडून वाचायचे असेल, तर गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांसाठीच्या केंद्राची इन्फेड ही दूरस्थ प्रवेशाची व्यवस्था आहे, आणि तिचे खाते तुमच्या ग्रंथालयातूनच मिळते. पहिल्या आठवड्यात ग्रंथपालांना भेटा आणि हे खाते नावानिशी मागा. प्रबंधांसाठी शोधगंगा हा ऑनलाइन संग्रह आहे, तो सर्वांना खुला आहे.

एक सावधगिरी पहिल्या दिवसापासून पाळा. विद्यापीठाच्या ई-मेलवर बँक, डिजिलॉकर, शिष्यवृत्ती किंवा नोकरीचे अर्ज नोंदवू नका. शिक्षण संपल्यावर ते खाते बंद होऊ शकते आणि त्या खात्याच्या ऑनलाइन ड्राइव्हवरील नोंदीही त्याबरोबर जातात, म्हणून दर सत्राच्या शेवटी आपले काम स्वतःच्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या.

लॅपटॉप लगेच घ्यायची गरज नाही. वर सांगितलेले जवळजवळ सगळे मोबाइलवर होते, आणि विभागाच्या प्रयोगशाळेतील संगणक सुरुवातीला पुरतात. तुमच्या विषयात कोणते सॉफ्टवेअर लागते, विद्यापीठाकडे त्याचा परवाना आहे का आणि तो विद्यार्थ्याच्या स्वतःच्या यंत्रावर चालतो का, हे शिक्षकांना विचारून मगच पैसे खर्च करा.