वाचक विचारतात : लोकरीच्या म्हशीला शिंगं फुटताना

क्रोशाने घरी विणायच्या छोट्या प्राण्यांबद्दल कोल्हापूर आणि आसपासहून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. उत्तरांत ‘मुका खांब’ सारखा येईल, त्याचा अर्थ आधी सांगून ठेवतो. सुई टाक्यात घालून दोरा ओढून घ्यायचा, सुईवर दोन लूप होतात. परत दोरा घेऊन दोन्हींतून एकदम बाहेर काढायचा. या खेळण्यांचं जवळजवळ सगळं काम एवढ्या एका टाक्यावर चालतं. ‘वाढ’ म्हणजे एका टाक्यात दोन मुके खांब, ‘घट’ म्हणजे दोन टाक्यांचा एक.

प्रश्न : गुलाबी लोकरीचा ससा विणला. पोट भरलं की टाक्यांमधून पांढरा कापूस डोकावतो. टाके घट्टच घेते, इतके की बोटं दुखतात. तरी भोकं का राहतात? (राजारामपुरी)

उत्तर : बोटं दुखेपर्यंत दोरा आवळू नका, सुई बदला. लोकरीच्या गुंडीवरच्या कागदावर जो सुईचा नंबर छापलेला असतो तो शाल-स्वेटरसाठी असतो. तिथे कापड मऊ पडायला हवं असतं. खेळण्याचं कापड गच्च लागतं. ८ प्लायच्या लोकरीवर (प्लाय म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप) ४ मिमी लिहिलं असेल तर ३ मिमी घ्या. हात सैल असेल तर २.५. सुई बारीक झाली की दोरा न आवळताही टाका लहान पडतो आणि बोटं सुटतात.

सुई बदलूनही भोकं राहिली तर तीन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे विणकामाची बाजू. उजव्या हाताने विणताना बाहेरच्या बाजूला ‘व्ही’सारखे टाके ओळीने दिसायला हवेत. आडव्या रेघा दिसत असतील तर तुमचा ससा उलटा आहे, आतली बाजू बाहेर आली आहे. वाटीएवढा भाग झाला की उलटून घ्या आणि यापुढे सुई बाहेरून आत घाला.

दुसरी गोष्ट घटीची. सगळ्यात मोठी भोकं घटीच्या जागीच पडतात, कारण दोन पूर्ण टाक्यांत सुई घालून एकत्र केलं की तिथे गाठोडं होतं आणि बाजूला फट राहते. टाक्याच्या माथ्यावर दोन धागे असतात. सुई पहिल्या टाक्याच्या फक्त पुढच्या धाग्यात घाला, तशीच दुसऱ्या टाक्याच्या पुढच्या धाग्यात घाला, आता दोरा घेऊन या दोन्ही धाग्यांतून ओढा, आणि नेहमीसारखा मुका खांब पुरा करा. घट कुठे घेतली ते शोधावं लागेल, इतकी ती लपते.

तिसरी गोष्ट दोरा कसा धरता ही. पहिल्यांदा दोरा ओढताना सुई दोऱ्याच्या वरून नेऊन दोरा खालून पकडला तर टाका फुलीसारखा दिसतो आणि थोडा आखूड, घट्ट होतो. काहींना तीच फुली आवडते. पण एकाच प्राण्यात दोन्ही पद्धती मिसळू नका, एक पाय बुटका निघेल.

प्रश्न : आमच्या गावात मागाचं सूत स्वस्तात मिळतं. कोनावर उरलेलं सुती सूत खेळण्यांना चालेल का? (इचलकरंजी)

उत्तर : चालेल, पण एकेरी नाही. ८ प्लायच्या जाडीचा सुती दोरा १०० ग्रॅमला साधारण २४० मीटर भरतो. २० नंबरचं एकेरी सूत (नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक) १०० ग्रॅमला ३,३०० मीटरच्या वर जातं. दुपदरी म्हणजे असे दोन धागे एकत्र पिळलेलं सूत, ते निम्मंच भरतं; म्हणून दुपदरी २० नंबरचे ७ धागे एकत्र धरले की ८ प्लायच्या जवळ पोहोचता. ४० नंबरचं दुपदरी असेल तर १४ लागतील आणि सुई प्रत्येक टाक्यात एखादा धागा सोडून जाईल. आमचं मत विचाराल तर ४० नंबरच्या वाटेला जाऊ नका.

दोन अडचणी आधीच सांगून ठेवतो. बीमवरचं, म्हणजे मागाच्या ताण्याच्या रुळावरचं उरलेलं सूत असेल तर त्याला खळ लावलेली असते. तसंच विणलं तर हाताला काचतं, आणि खेळणं पहिल्यांदा धुतल्यावर मऊ पडून आकार सोडतं. आधी सैल लडी करा, चार ठिकाणी दोऱ्याने बांधा, कोमट पाण्यात रात्रभर भिजवून धुवा आणि मग गुंडी करा. दुसरी अडचण पिळाची. ७ धागे नुसते शेजारी धरले तर सुटे राहतात. ते ओढून घेताना बोटांनी हलका पीळ देत एकाच गुंडीवर गुंडाळा. सुती दोरा लोकरीसारखा ताणला जात नाही, म्हणून ३ मिमीच्या सुईने हात दुखला तर ३.५ घेऊन पाहा.

प्रश्न : इंग्रजी नमुन्यात ‘डीसी’ लिहिलं होतं म्हणून खांब घातले. हत्ती लांबुडका आणि जाळीदार झाला. (शाहूपुरी)

उत्तर : नमुना ब्रिटिश पद्धतीचा होता. ब्रिटिश ‘डीसी’ (डबल क्रोशे) म्हणजे अमेरिकन ‘एससी’ (सिंगल क्रोशे), म्हणजेच आपला मुका खांब. अमेरिकन ‘डीसी’ म्हणजे मात्र आपला नेहमीचा खांब, मुक्या खांबापेक्षा उंच टाका. ओळखायची खूण सोपी आहे : नमुन्यात कुठेही ‘एससी’ आलं तर तो अमेरिकन. आलंच नाही आणि पहिल्या रिंगमध्ये ६ ‘डीसी’ सांगितले असतील तर तो ब्रिटिश समजा, कारण खऱ्या खांबांची सपाट चकती १२ च्या आसपास सुरू होते. ६ खांबांत ती वाटीसारखी वर उचलते.

प्रश्न : गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभ्या असतात तशी लांब शिंगांची म्हैस नातवाला करून द्यायची आहे. अंग जमलं, शिंगं जमत नाहीत. सरळ येतात, नाहीतर मान टाकतात. तार घालू का? (मंगळवार पेठ)

उत्तर : तार नको. लोकरीतून तिचं टोक कधी ना कधी बाहेर येतं, आणि नातू ते तोंडात घालणार. शिंगाला बाक विणीतूनच देता येतो.

तुम्ही म्हणता तशा लांब शिंगांच्या पंढरपुरी जातीच्या म्हशीचं शिंग लांब, मागे झुकलेलं आणि किंचित पिळलेलं असतं. मुका खांब उंच, स्लिप स्टिच बुटका (टाक्यातून ओढलेला दोरा सुईवरच्या लूपमधूनही तसाच बाहेर काढायचा). एका फेरीत अर्ध्या बाजूला हा आणि अर्ध्या बाजूला तो घातला की नळी बुटक्या बाजूकडे वाकते. ८ प्लाय लोकर आणि ३ मिमी सुई धरून असं विणा :

फेरी १ : मॅजिक रिंगमध्ये (ओढून बंद करता येणाऱ्या दोऱ्याच्या कड्यात) ४ मुके खांब. फेरी २ : १ मुका खांब, १ वाढ, हेच पुन्हा एकदा (६ टाके). फेरी ३ ते ७ : ३ मुके खांब, ३ स्लिप स्टिच. फेरी ८ : मुक्या खांबांच्या बाजूला एक वाढ, म्हणजे ४ मुके खांब, ३ स्लिप स्टिच (७). फेरी ९ ते १२ : तसंच. फेरी १३ : पुन्हा त्याच बाजूला एक वाढ (८). फेरी १४ ते १६ : ५ मुके खांब, ३ स्लिप स्टिच. शिवायला ३० सेंटिमीटर दोरा सोडून कापा.

शिंग सहा-सात सेंटिमीटरचं होईल. स्लिप स्टिच मुद्दाम सैल ठेवा, नाहीतर पुढच्या फेरीत सुई आत जाणार नाही. बहुतेकांचं काम इथेच अडतं. मुके खांब प्रत्येक फेरीत जरा उजवीकडे सरकत जातात, त्यामुळे बाक सरळ न राहता हळूहळू पीळ घेतो. एरवी ही कटकट वाटते, पंढरपुरीला ती शोभून दिसते. मात्र दोन्ही शिंगांचा पीळ एकाच दिशेला जातो. शिवताना एक शिंग थोडं फिरवून घेतलं की समोरून कळत नाही.

भरायला कापूस घेऊ नका, बारीक नळीत त्याच्या गुठळ्या होतात. त्याच लोकरीचे ८-१० तुकडे एकत्र करा, मध्ये दुमडा, जाड सुईने आत ओढून घ्या आणि टोकाशी जास्तीचे कापा. शिंग मान टाकतं ते बहुतेक वेळा बुडाशी, कारण शिवण एका रेषेत असते. बुडाचा गोल पूर्ण उघडा ठेवून आठही टाके डोक्याला शिवा. मग शिंग मागे झुकवून जिथे खांद्याला टेकतं तिथे दोन टाके घाला. आता शिंग हालणार नाही, आणि नातू त्याला धरून म्हैस उचलेल तेव्हा ओढ दोन ठिकाणी वाटली जाईल.

डोकं बसतंय का हे ताडून पाहायला : ६, १२, १८, २४, ३० अशा वाढत्या पाच फेऱ्या, ३० च्याच पाच फेऱ्या, मग २४, १८, १२, ६ असं उतरत बंद करा. गोळा सुमारे पाच सेंटिमीटरचा होतो. वाढीच्या फेऱ्या जितक्या तितक्याच सरळ फेऱ्या, हे गणित कुठल्याही गोळ्याला लागू पडतं. सरळ फेऱ्या कमी पडल्या तर गोळा चपटा होतो, जास्त झाल्या तर वांग्यासारखा.

आणि काळीकुट्ट लोकर घेऊ नका. रात्री दिव्याखाली तिचे टाके मोजता येत नाहीत. गडद राखाडी घ्या. काळाच रंग हवा असेल तर मांडीवर पांढरा पंचा पसरून बसा, टाक्यांच्या फटी पांढऱ्या दिसतात.

प्रश्न : चार पायांवर उभा राहत नाही, शिवाय डोकं लुळं पडतं. (कागल)

उत्तर : पाय शिवण्याआधी चारही पाय टेबलावर शेजारी ठेवा, एका फेरीचा फरकही दिसतो. तळ सपाट हवा : १२ टाके झाले की पुढची एक फेरी टाक्याच्या फक्त मागच्या धाग्यात विणा, काठ पडतो. पाय दडपून भरा, पोट जरा सैल. चारही पाय टाचण्यांनी लावून उभं करून बघा, मगच शिवा. डोकं लुळं पडतं ते ६ टाक्यांच्या टोकावर शिवल्यामुळे. जोडाचा गोल १५ ते १८ टाक्यांचा घ्या, दोनदा फिरून शिवा आणि शेवटचे काही टाके राहिले की काडीने तिथे आणखी भरण कोंबा.

प्रश्न : जुन्या उशीचा कापूस भरला होता. पावसाळ्यात धुतलं, चार दिवसांनी वास यायला लागला. (गडहिंग्लज)

उत्तर : कापूस पाणी धरून ठेवतो आणि आत गोळा होतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे खोलीत टांगलेला टॉवेल वाळत नाही, तिथे आतला कापूस कसा वाळणार? सावरीचा कापूस हलका असतो, पण धुण्यात तोही टिकत नाही. पॉलिस्टरचं भरण घ्या. पाच-सहा इंची प्राण्याला २० ते २५ ग्रॅम पुरतं. घालताना पिंजून, चिमूट-चिमूट. एकदम मूठभर कोंबलं की पृष्ठभागावर टेंगळं येतात.

धुताना थंड पाणी आणि थोडा साबण. पिळू नका, पंचात गुंडाळून दाबा, मग पंख्याखाली आडवं ठेवा आणि दर थोड्या वेळाने उलटा. कानाला चिमटा लावून टांगलं की कान लांबतो तो कायमचा. ॲक्रेलिक लोकरीवर गरम इस्त्री फिरवू नका, ती मरून चपटी होते. तुमच्या वास येणाऱ्या खेळण्याचं पोटाजवळचं शिवण उसवा, कापूस टाकून द्या, नुसतं कवच धुऊन वाळवा आणि नव्याने भरा. विणकाम वाचेल.

प्रश्न : पंधरा-वीस प्राणी करून जत्रेत विकायचे आहेत. प्लॅस्टिकचे डोळे लावले तर चालतील ना? कुणीतरी परवान्याचं म्हणालं. (कसबा बावडा)

उत्तर : डोळ्यांचं आधी. मागून वॉशर लावायचे ‘सेफ्टी’ डोळे नावाइतके सुरक्षित नाहीत. वॉशर निघत नाही हे खरं, पण विणकामाचं भोक ताणलं गेलं की डोळा वॉशरसकट बाहेर येऊ शकतो. तीन वर्षांखालच्या मुलासाठी डोळे दोऱ्यानेच भरा. मणी, बटणं, घुंगरू नकोत. मोठ्यांच्या शोकेससाठी ८ मिमीचे डोळे हरकत नाही, पण वॉशर बसवण्याआधी जागा टाचणीने पक्की करा. एकदा बसला की मागे येत नाही.

आता परवाना. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचं आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, कापडी-लोकरीच्या खेळण्यांनाही, आणि त्यासाठीचं मानक आयएस ९८७३ आहे. यातून सूट आहे ती केंद्राच्या विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना. ‘हाताने केलंय’ एवढं सांगून भागत नाही, नोंदणी लागते. कारागिराला ‘पहचान’ ओळखपत्र मिळतं, ते आधी काढा. ‘शोभेची वस्तू’ अशी चिठ्ठी चिकटवून सुटका होईल असं समजू नका. १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळावं अशा बेताने केलेली वस्तू खेळणंच धरली जाते.

प्रश्न : मी डावखुरी आहे. वरचे नमुने जमतील का? (रंकाळा परिसर)

उत्तर : जसेच्या तसे. टाक्यांची संख्या बदलत नाही, फक्त तुमची फेरी उलट दिशेने जाईल. व्हिडिओ आरशात धरून पाहा. तुमचे टाके उजवीकडे न सरकता डावीकडे सरकतील, म्हणजे शिंगाचा पीळही उलटा पडेल. एक शिंग तुम्ही विणलं आणि दुसरं उजव्या हाताच्या मैत्रिणीकडून विणून घेतलं, तर म्हशीची जोडी फिरवाफिरवी न करता जुळेल. फक्त दोघींच्या हाताचा घट्टपणा आधी ताडून घ्या.