लेकीला आणायला जायचंय, पण मुलाला मागे कसं ठेवू?

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो, दोघंही आता अमेरिकन नागरिक आहोत. मुलगा ११ वर्षांचा. दुसरं मूल दत्तकच घ्यायचं हे आधीपासून ठरलेलं, आणि कारा म्हणजे दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची यंत्रणा, तिच्यामार्फत महाराष्ट्रातल्या एका संस्थेतली ७ वर्षांची मुलगी आम्हाला मॅच झाली, काराची एनओसी (ना-हरकत) पण आलीय. आता पुढचं सगळं होईपर्यंत तिच्याजवळ येऊन राहावं असं मला फार वाटतंय. पण नवऱ्याला एवढी सुट्टी नाही, आणि मुलगा म्हणतो, "ती यायच्या आधीच तू मला सोडून चाललीस." सासूबाई म्हणतात कशाला एवढं, सगळं झालं की आठवडाभर या आणि घेऊन जा. काय करू?

उत्तर: जा. आठवडाभरासाठी तर अजिबात नको, नीट राहायलाच जा. फक्त आत्ता लगेच निघू नका.

कारण असं की एनओसीनंतर दत्तकाची ऑर्डर लागते. पूर्वी ती कोर्टातून यायची, सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. कायद्यात दोन महिन्यांची मुदत आहे पण त्यावर विसंबून विमानाची तिकिटं काढू नका, उशीर होतो. ऑर्डर यायच्या आधीही मूल तात्पुरतं आईवडलांच्या ताब्यात मिळू शकतं हे खरं, पण ऑर्डरला किती वेळ लागेल हे कुणीच सांगू शकत नाही आणि तो सगळा काळ तुमचा मुलगा तिकडे वाट बघणार. म्हणून ऑर्डर येईपर्यंत संस्थेला विचारून व्हिडिओ कॉल करत राहा, ऑर्डर हातात आली की निघा. मग काराचं सर्टिफिकेट, पासपोर्ट, दिल्लीच्या एम्बसीतून व्हिसा, यालाही काही आठवडे जातात. तेवढे दिवस संस्थेच्याच गावात एखादी खोली घेऊन दोघी राहा.

मुलाला परतायची तारीख देऊ नका, कारण तारीख पुढे गेली तर त्याला वाटणार आईने फसवलं. त्यापेक्षा हे टप्पे एका कागदावर लिहून फ्रीजवर लावा, एकेक झाला की त्यानेच टिक करायची. फोनची वेळ मात्र पक्की ठरवा आणि काही झालं तरी चुकवू नका. उन्हाळ्यात तुमच्याकडे सकाळचे ७ म्हणजे इथे दुपारचे साडेचार, म्हणजे तो शाळेत जायच्या आधी दूध पीत असेल तेव्हा तुम्ही दोघी इथे चहा-बिस्किट घेत असाल. तिलाही कॉलमध्ये घ्या, पण रोज थोडा वेळ फक्त त्याचा ठेवा. आणि त्याला राग आलाय तर येऊ दे, "तू आता मोठा दादा झालास ना" असं म्हणून गप्प करू नका प्लीज.

आता तिच्याबद्दल, कारण तुमच्या पत्रात हे आलंच नाहीये. तुमची आणि मुलाची ताटातूट काही आठवड्यांची, तिची मात्र कायमची आहे. रोज वेणी घालणाऱ्या मावशी, शेजारच्या कॉटवरची मैत्रीण, शाळा, सगळं सुटणार. एवढ्या मोठ्या मुलीला संस्थेत आधी विचारतात, ती हो म्हणते, म्हणून ती रडणार नाही असं नाही. माझ्या ओळखीतल्या एका आईने सांगितलं होतं, त्यांची लेक सुरुवातीला रात्री चपला घालूनच झोपायची. का गं, विचारलं तर म्हणाली, "तुम्ही निघालात तर मला पण लगेच येता आलं पाहिजे." अशा मुलीला आठवड्यात उचलून विमानात बसवायचं का, हे सासूबाईंना शांतपणे विचारा. मावशींचे, मैत्रिणींचे फोटो मागून घ्या, ती कशी झोपते, काय खात नाही, कशाला घाबरते हे सगळं विचारून लिहून ठेवा, आणि निघायच्या आधी तिला सगळ्यांचा नीट निरोप घेऊ द्या. चोरून नेऊ नका, रडली तरी चालेल.

सासूबाईंना जमत असेल तर त्यांनाच न्यू जर्सीला बोलवा, नातवाजवळ राहतील. तेवढ्यात त्याचं मराठीही सुधारेल, कारण बहिणीशी सुरुवातीला मराठीतच बोलायला लागणार आहे.

मिस्टरांनी आत्ता सुट्टी संपवू नये. दत्तक मूल घरी आल्यावर न्यू जर्सीत फॅमिली लीव्हचे १२ आठवड्यांपर्यंत पैसे मिळतात, ते त्यांनाही लागू होतात का हे एचआरला आजच विचारा आणि ती सुट्टी तुम्ही दोघी पोचल्यावर घ्या. मुलगी तोवर तुम्हाला चिकटलेली असेल, बाबांकडे जाणारच नाही, आणि तुम्हाला मुलासाठी वेळ हवा असेल. म्हणून बाबा घरात पाहिजेत ते तेव्हा.